गाण्यामागची हजेरी



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण विद्वानांची व्याख्याने ऐकलीत. माझे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. चालकांनी मला 'आजची कामगार चळवळ' असा विषय सुचविला होता. तो मी थोडा वाकवून घेतला आहे. चळवळ म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, मोर्चा आणि लाल बावटा उभा राहतो. सकाळी चहाबरोबर जे गाणे आपण ऐकतो तेही कुणीतरी पाळी भरून केलेले काम आहे, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. मी संगीताचा जाणकार नव्हे. रागदारीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही आणि त्या वाटेला मी जाणारही नाही. परंतु गाण्याचा धंदा मी तळमजल्यावरून पाहिलेला आहे, आणि तळमजल्यावरून इमारत जशी दिसते तशी ती गच्चीवरून दिसत नाही.

१९८९ साली मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॅसेटच्या कारखान्यात लागलो. कारखान्याचे नाव घेत नाही. तो बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली. लोकांना वाटे, हा गाण्याच्या कारखान्यात काम करतो म्हणजे दिवसभर गाणी ऐकत असेल! मौज अशी की साऱ्या मुंबईत गाणे जर कुठे ऐकू येत नसेल तर ते आमच्या खात्यात. मूळ फीत यंत्रावर कित्येक पट वेगाने धावे आणि तिच्यावरून मोठमोठ्या चकत्यांवर नकला उतरत. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उतरवल्या जात. त्यामुळे एक बाजू सुलटी आणि दुसरी उलटी पळे. कुणी कान लावलाच तर पाखरांच्या थव्याने कलकलाट करावा तसा चिवचिवाट. मग त्या चकतीची फीत रिकाम्या डबीत भरायची, लेबल चिकटवायचे, चित्राचा कागद घालायचा, खोक्यात रचायची. लताबाईंचे भजन आणि दादा कोंडक्यांचे गाणे यांत आमच्या हाताला फरक कळे तो लेबलाच्या रंगाचा.

वरच्या मजल्यावर कचेरी होती. तिथे हिशेबनीस, माल रवानगीचे कारकून, टंकलेखिका आणि एक वातानुकूलित खोली. त्या खोलीत निर्माते आणि संगीतकार येऊन नवी गाणी ऐकत. दुपारी एकला कचेरीत पंखे लागत, शिपाई डबे मांडी, आणि कुणाच्या घरी काय शिजले यावर अर्धा तास चर्चा चाले. खाली आम्ही खोक्यांवर बसून, मांडीवर डबा घेऊन जेवत असू. हात धुवायला एक नळ आणि त्याच्यापुढे रांग.

त्या वेळच्या कारखाने कायद्याप्रमाणे, म्हणजे १९४८ च्या, अडीचशेहून अधिक कामगार असतील तर मालकाला उपाहारगृह द्यावे लागे. आमच्या हजेरीपटावर किती नावे होती? दोनशे चाळीस! ती कधी दोनशे एकेचाळीससुद्धा होत नसत. पॅकिंगला सत्तरएक बाया होत्या, पण त्या कंत्राटदाराच्या. त्यांची नावे त्याच्या वहीत. निरीक्षक यायचा त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळे, बिनपगारी. वस्तुतः १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने कंत्राटदाराचा माणूसही त्या कारखान्याचाच कामगार ठरतो. हे कलम मी वाचनालयात तीनदा वाचले, चौथ्यांदा वहीत उतरवून घेतले आणि व्यवस्थापकांना दाखवले. ते म्हणाले, "वाचन चांगले आहे, वाढवा."

मग जे केले ते बायांनी. एका दुपारी त्या आपापले डबे घेऊन कचेरीच्या जिन्यावर जाऊन बसल्या. घोषणा नाही, बावटा नाही. पायरीला दोघी अशा बसून जेवू लागल्या. त्या दिवशी बहुतेकींच्या डब्यात भाकरी आणि सुकट होती. आता हा योगायोग होता की नव्हता, हे मी आजही सांगणार नाही. वर एक मोठे निर्माते गाणी ऐकायला आलेले. सुकटीचा वास दाराच्या फटीतून आत शिरला. निर्माते बाहेर आले, जिन्याकडे पाहिले आणि त्यांनी व्यवस्थापकांना विचारले, "ह्या बाया कुठे काम करतात?" उत्तर देणे भाग पडले, आणि उत्तर एकच होते: "इथेच, साहेब." साक्षीदारांसमक्ष दिलेली ही कबुली आम्ही नंतर अर्जात लिहिली. पुढे सात महिने लागले. पण पत्र्याची एक शेड उभी राहिली, तिच्यात बाके आली, आणि उसळ-पाव व चहा रास्त दरात मिळू लागला. ती उसळ फार चांगली होती असे म्हणणार नाही. पण ती हजेरीपटावरची उसळ होती.

याच शेडमध्ये कचेरीतले एक हिशेबनीस माझ्याशी बोलू लागले. रॉयल्टीची खतावणी त्यांच्या ताब्यात असे. एकदा त्यांनी ती मला उघडून दाखवली. निर्मात्याचे पान होते, संगीतकाराचे होते, गीतकाराचे होते, बड्या गायकांचेही होते. मी विचारले, "वाजवणाऱ्यांचे पान?" ते म्हणाले, "त्यांचे पान नसते. ते व्हाउचरवर असतात." म्हणजे एकदा सही केली, रोख घेतली, प्रकरण मिटले. आमच्या पॅकिंगच्या बायांप्रमाणेच हे लोकही दुसऱ्याच कुणाच्या वहीत होते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गाण्यावर नाव असण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. गाणे संपताच त्या मोठ्याने, इंग्रजीत आपले नाव सांगतात. आपल्याला तो ठसका वाटतो, आणि बाईंच्या आवाजात तो आहेही. पण कारण कारखान्याचे होते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हे गाणे कुणाचे ते कळून लेबल नीट लागावे, म्हणून नाव गाण्यातच भरून पाठवायचे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ती गरज सरली. त्या काळ्या तबकडीचा मसाला कशाचा? छोटा नागपूरच्या रानात पळस आणि कुसुम या झाडांवर एक किडा लाख करतो, ती झाडावरून उतरवून आदिवासी बाजारात विकत. ती लाख, दगडाची पूड आणि काजळी. लाख वेचणारीचे नाव लेबलावर येईल अशी अपेक्षा कुणी केली नाही आणि मीही करत नाही. परंतु सिनेमा आला तेव्हा गाणारीचे नावसुद्धा गेले, हे विसरू नये. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर लताबाईंचे नाव नव्हते. कामिनी असे पडद्यावरच्या पात्राचे नाव होते! लोक रेडिओला विचारू लागले तेव्हा खरे नाव बाहेर आले. पुढे १९५७ साली फिल्मफेअरच्या समारंभात त्यांनी गायला नकार दिला, कारण गाण्याला पारितोषिक होते आणि गाणाऱ्याला नव्हते. ते १९५९ पासून मिळू लागले. याला मी संप म्हणतो. एका बाईने केलेला आणि यशस्वी झालेला.

गाणाऱ्यांचे असे झाले. साजिंद्यांचे काय?

पूर्वी, प्रभातसारख्या कंपन्यांच्या काळात, वादक महिन्याच्या पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कंपन्यांची पद्धत मोडली आणि वादक रोजंदारीवर आले. आज ताडदेवच्या फिल्म सेंटरला, उद्या महालक्ष्मीच्या फेमसला, परवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये. पन्नास-साठ वादकांचा ताफा हे काही नवल नव्हते. त्यांत महाराष्ट्रातले ढोलकी-तबल्याचे हात होते, उत्तरेकडचे सारंगिये-सतारिये होते, पारशी होते. आणि व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांच्या रांगांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ होते. त्याचे कारण रक्तात नव्हते, शाळेत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून गावचा मेस्त्री पोरांना पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकवी. मुंबईत साठ माणसांना एकाच सकाळी नवे गाणे बसवायचे तर कागदावरून वाचून वाजवणारा माणूस लागे. कित्येक संगीतकारांना ती लिपी येत नसे. त्यांनी गुणगुणलेली चाल कागदावर मांडणारा, कुठे व्हायोलिने उठायची आणि कुठे गप्प बसायची हे ठरवणारा संयोजक निराळाच असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली थोर नावे. गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जलसे केले; १९६५ साली ते अमेरिकेला निघून गेले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला तेव्हा त्यांच्या शिष्याच्या आठवणीतून त्यांचे नाव नायकाला मिळाले आणि गल्लीबोळांत पोहोचले. वादकांच्या बाबतीत आपल्याकडे चालते ते असे. माणूस पडद्यामागे राहतो. नाव प्रसिद्ध झालेच तर नटाच्या अंगावर चढून.

या मंडळींचा दिवस कसा जाई, ते जुन्या वादकांकडून मी जे ऐकले त्यावरून सांगतो. गोव्याहून नवा आलेला पोरगा धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावच्या कुडीत उतरे. कूड म्हणजे गावकीने चालवलेली खोली. भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, रात्री चटया, कोपऱ्यात वेदी आणि सायंकाळची प्रार्थना सक्तीची. भाडे नाममात्र. सकाळी वाद्य घेऊन लोकल गाठायची. व्हायोलिनवाल्याचे बरे, पेटी छातीशी धरली की झाले. परंतु डबल बास हे माणसाहून उंच वाद्य. ते मालडब्यातून, कोळणींच्या टोपल्यांच्या शेजारी उभे राहून जाई. आणि पावसाळ्यात लाकूड फुगे, तबल्याचे कातडे ढिले पडे, ते शेकून पुन्हा लावावे लागे. यात जाणारा वेळ पाळीत धरायचा की नाही? हा प्रश्न मला ताना-पलट्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जेवणाचे तर विचारूच नका. त्या काळी गाणारा आणि सारा ताफा एकदम ध्वनिमुद्रित होई. साठांतल्या एकाचा गज घसरला तर पुन्हा पहिल्यापासून. गाणे जमत आले असताना जेवायला सोडले तर वाद्यांचे सूर उतरतील, ही संगीतकाराची धास्ती. म्हणून दोनची जेवणाची सुट्टी चारवर जाई. फुंकीच्या वाद्यांचे लोक भरपेट जेवूच शकत नसत, कारण पोट भरले की दम पुरत नाही. ते इराण्याचा ब्रून-मस्का आणि चहा यांवर दिवस काढत आणि घरचा डबा रात्री घरीच परत नेत. संघटना झाली, पाळीचे तास आणि वादकांची प्रतवारी ठरली, जादा वेळेचे पैसे लागू झाले, तेव्हा ही ओढाताण कमी झाली. त्याने कलेची हानी झाली असे मी तरी कुठे वाचलेले नाही.

माहीमला माझ्या ओळखीचे एक वृद्ध व्हायोलिनवादक राहत. मी त्यांना अंकल म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला आंटी. त्यांच्या घरी विविध भारती चालू असे. एखादे गाणे लागले की आंटी स्वयंपाकघरातून पळी हातात धरून बाहेर येत, मुलगी पुस्तक मिटे, आणि सारे एका जागी थांबत. मुखडा झाला, मग दोन ओळींमधल्या त्या लहानशा जागेत व्हायोलिनची एक झुळूक येई. सहासात सेकंदांची. "हे पप्पांचे," मुलगी म्हणे. पुन्हा सारे आपापल्या कामाला. अंकल स्वतः त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत असत. नवा जावई आला तेव्हा त्याने सहज विचारले, "हे तुमचेच कशावरून?" कुणाला राग आला नाही, पण घरात उत्तर कुणापाशीच नव्हते.

हाच प्रश्न पुढे कागदावर आला. अंकलची बोटे वाताने आखडली. वृद्ध कलावंतांना साहाय्य देणाऱ्या एका निधीकडे आम्ही अर्ज केला. छापील नमुन्यात रकाना होता: केलेल्या कामांची यादी, पुराव्यासह. अंकलनी हजाराच्या घरात गाणी वाजवली असतील. पुरावा एकाचाही नाही. व्हाउचरे निर्मात्याकडे, आणि निर्मातेही बहुतेक काळाच्या पोटात. तेव्हा आंटींनी कपाटातून वह्या काढल्या. शाळेच्या पाठीला मिळतात तशा एकरेघी वह्या, अठ्ठावीस. घरखर्चाचा रोजचा हिशेब. एका बाजूला जमा: 'ताडदेव, रेकॉर्डिंग', संगीतकाराचे नाव, रक्कम, 'रात्री ११ ला घरी'. दुसऱ्या बाजूला खर्च: बांगडे, दूध, शाळेची फी, व्हायोलिनची तार. काही पानांवर नुसते 'आज काम नाही' असे होते, आणि त्या दिवसांच्या खर्चात बांगडेही नव्हते. एका पानावर मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा केक होता. समोर जमेला दोन पाळ्या, आणि 'चर्चमध्ये आले नाहीत' एवढेच शब्द.

अधिकारी म्हणाले, "नवऱ्याच्या कामाचा पुरावा बायकोच्या वहीत कसा चालेल?" मी म्हटले, "साहेब, रकमेपुढे तारीख आहे, जागा आहे, नाव आहे. तुमच्या कचेरीतल्या कोणत्या वहीत याहून अधिक असते?" ते हसले, पण अर्ज पुढे गेला नाही. मग आम्ही दुसऱ्या एका चेलोवादकाची डायरी मिळवली आणि दोन्हींतल्या तारखा ताडून पाहिल्या. शंभराच्या वर दिवस तंतोतंत जुळले. तेवढ्यावर साहाय्य मंजूर झाले. अंकलना ते दोन वर्षे मिळाले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कायदे झाले. त्यांत वादकाचा उल्लेख स्पष्ट होता आणि लेखी करार बंधनकारक होता. २०२० च्या संहितेत 'दृक्श्राव्य कामगार' या नावाखाली तो विषय घेतलेला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात 'कलाकारा'चे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क दिला. हे सारे उत्तमच. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक परंतुक आहे, ते मुद्दाम ऐका. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही उल्लेख होत नाही, तो माणूस 'कलाकार' धरला जाणार नाही. त्याला फक्त आपल्या कामाची विटंबना होऊ न देण्यापुरता हक्क राहील. म्हणजे नाव नाही म्हणून हक्क नाही; आणि नाव का नाही, तर तसा रिवाज आहे म्हणून! व्हायोलिनची ती झुळूक 'आनुषंगिक' आहे काय? असेल तर गाण्यातून ती काढून दाखवा, आणि मग गाणे विकून पाहा.

कुणी म्हणेल, आता साठ वादक राहिलेतच कुठे? खरे आहे. ऐंशीच्या दशकात विजेवरचे कळफलक आले आणि पुढे संगणक आला. एक माणूस एका खोलीत साठांचे काम करू लागला. यंत्राला माझा विरोध नाही. कॅसेटच्या यंत्रावरच मी वाढलो आणि कॅसेट गेल्यावर रस्त्यावर आलो. परंतु त्या कळीखाली जो व्हायोलिनचा आवाज निघतो तोसुद्धा पुष्कळदा कुणीतरी जिवंत माणसाने एकदा वाजवून, नमुना म्हणून दिलेला असतो. त्याला एका दिवसाचे पैसे मिळतात. आवाज मात्र रोज कामाला जातो. अशी पाळी आमच्या गिरणीवाल्यांनाही कधी लागली नव्हती. आणि जे वादक आजही जाऊन वाजवतात ते एकेकटे जातात. शेजारी साक्षीदारही नसतो. साठ जण होते तेव्हा निदान डायऱ्या ताडून पाहता आल्या.

दुसरे असे म्हणतात की नावे छापायला जागा कुठे? तबकडीचे लेबल वीतभर नव्हते, कॅसेटचा कागद बोटाएवढा होता, हे एक वेळ मान्य. पण आज गाणे टेलिफोनच्या पडद्यावर येते. तिथे साठ नावे खाली सरकवत नेली तर कागद लागत नाही, शाई लागत नाही, छपाई कामगार लागत नाही. काही ठिकाणी वादकांची नावे येऊ लागली आहेत हेही मी पाहतो. ती कुणाच्या तरी मर्जीने येतात. रिवाज म्हणून येत नाहीत. परंतुकातला शब्द 'रिवाज' आहे. तेव्हा रिवाजच बदलला पाहिजे, आणि तो दिल्लीत नव्हे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या दाराशी बदलतो.

त्यासाठी आम्ही आंटींच्या वहीवरून एक चिठ्ठी तयार केली आहे. अर्ध्या पानाची. तारीख, जागा, गाणे कोणाचे, वाद्य कोणते, किती वाजता आलो, जेवणाची सुट्टी किती वाजता मिळाली, किती वाजता सुटलो, रक्कम. आणि खाली एक ओळ: श्रेयनामावलीत माझे नाव या अक्षरांत द्यावे. दोन प्रती. एकीवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याची सही घेऊन ती घरी न्यायची. सही द्यायला तो नाही म्हणाला, तर 'नाही म्हणाला' एवढे लिहून तारीख टाकायची; तोही पुरावाच असतो. आपल्या गावातही लग्नाचा बँड आहे, दोन वाद्यवृंद आहेत, भजनी मंडळांचे तबलजी आहेत, आणि त्यांतली काही पोरे अधूनमधून मुंबई-पुण्याला ध्वनिमुद्रणासाठी जातात हे मला ठाऊक आहे. या चिठ्ठ्यांची पुस्तके मंडपाच्या दाराशी, चपला ठेवायच्या फळीशेजारच्या टेबलावर ठेवली आहेत. पन्नास पानांचे एक पुस्तक, किंमत नाही. ज्यांच्या घरात कुणी वाजवणारे असेल त्यांनी जाताना एकेक न्यावे. आणि ज्यांच्याकडे जुन्या हिशेबाच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मला एकदा दाखवाव्यात. उद्या सकाळी दहापर्यंत मी वाचनालयात आहे.